खोट्या सहीची पाटी

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शालेय निबंधात एकदा तरी वापरलेले असेल. मीही वापरले आहे, आणि खाली पट्टीने रेघ ओढली आहे. परंतु जगात एक दगड असाही आहे, की ज्याच्यापुढे टाकीचे फारसे काही चालत नाही. तो फोडून घडवता येत नाही, घासूनच घडवावा लागतो. पाणी घ्यायचे, वाळू घ्यायची आणि दिवसच्या दिवस घासत बसायचे. हा दगड म्हणजे जेड. चिनी लोकांनी हजारो वर्षे त्याला सोन्याच्याही वर बसवले.

ह्या दगडाच्या राजवाड्यातील भल्यामोठ्या वस्तूंविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते काडेपेटीएवढ्या एका वस्तूविषयी. कमरेला किंवा गळ्यात रेशमी दोरीने लटकवायची ही जेडची पाटी. तिच्या एका अंगाला एखाद्या काव्यातील, नाटकातील अथवा कवीच्या चरित्रातील प्रसंग कोरलेला असतो. दुसऱ्या अंगाला कवितेच्या दोन-चार ओळी, आणि पुष्कळदा शेवटी कारागिराची सही. ही सही बहुतेक पाट्यांवर एकाच माणसाची असते आणि बहुतेक पाट्यांवर ती खोटी असते. म्हणून अशी पाटी हातात आली, की जाणकार मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘अस्सल की नक्कल?’ माझे म्हणणे असे, की हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारलेला आहे. पाथरवटाच्या मुलीने चिनी कलेविषयी मत देणे कुणाला आगाऊपणाचे वाटेल. वाटो. दगडाविषयी बोलण्याचा अधिकार आमच्या घराण्याला आहे.

आधी दगड कोणता ते सांगते. ‘जेड’ ह्या एकाच नावाखाली दोन निरनिराळी खनिजे खपतात, हे दामूर ह्या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने १८६३ साली दाखवून दिले. एक नेफ्राइट, दुसरे जेडाइट. दागिन्यांत दिसते ते गर्द हिरवे जेडाइट ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून येते. चीनमध्ये त्याचा बोलबाला झाला तो अठराव्या शतकापासून. (तेथील फाकांत भागातील खाणीत २ जुलै २०२० रोजी ढिगारा कोसळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. हिरवी बांगडी पाहताना हेही आठवावे.) आपल्या पाट्या मात्र बहुधा पांढऱ्या नेफ्राइटच्या. ह्याची कठिणता काचेच्या थोडी वर आणि गारगोटीच्या थोडी खाली. तेव्हा कठीणपणात तो काही हिऱ्याचा भाऊ नव्हे. त्याचे सारे बळ चिवटपणात आहे. त्याच्या पोटात अतिसूक्ष्म तंतू असतात आणि ते बुरणुसातल्या लोकरीसारखे एकमेकांत गच्च गुंतलेले असतात. त्यामुळे घाव बसला तरी तडा सरळ धावत नाही. आमच्याकडचा काळा दगड असा नाही. तो रेघ धरून फुटतो, म्हणून तर त्याची जाती आणि पाटे होतात.

उत्तम पांढरे जेड येई ते आजच्या शिंच्यांग प्रांतातील खोतानहून. कुनलुन पर्वतावरचे बर्फ उन्हाळ्यात वितळले की नद्यांना पूर येतो आणि पुराबरोबर दगडगोटे वाहत येतात. पाणी ओसरले की माणसे पात्रात उतरून ते शोधत. तेथील दोन नद्यांची तुर्की नावेच मुळी युरुंगकाश आणि काराकाश, म्हणजे पांढरे जेड आणि काळे जेड अशी आहेत. सर्वांत मोलाच्या दगडाला चिनी लोक ‘मेंढीच्या चरबीसारखा’ म्हणतात. उपमा आपल्या कानाला ओबडधोबड वाटते, पण दगडाचे चित्र जरी पाहिले तरी पटते.

हा दगड कसा घडवीत, ते सुंग यिंग-शिंग ह्या लेखकाने १६३७ साली आपल्या उद्योगधंद्यांवरील ग्रंथात सचित्र नोंदवून ठेवले आहे. कारागीर बसलेला असतो. पायांनी दोन फळ्या आळीपाळीने दाबतो, त्यामुळे आडव्या दांड्यावरची लोखंडी चकती एकदा पुढे, एकदा मागे अशी फिरत राहते. शेजारी पाण्याचे व वाळूचे भांडे. एका हाताने दगड चकतीला भिडवायचा आणि दुसऱ्या हाताने ओली वाळू घालत राहायचे. कापते ती वाळू. चकती तिला नुसती फिरवते. दोन्ही हात व दोन्ही पाय गुंतलेले, डोळे दगडावर. एकदा जास्त घासले गेले की भरून काढायला वाव नाही. ह्याच ग्रंथकाराने असेही म्हटले आहे, की चांगले जेड राजधानीत गोळा होत असले तरी कसब पाहावे ते सूचौ शहराचे.

जाता जाता एक शब्द सांगते, कारण भाषेच्या विद्यार्थ्यांना तो आवडेल. जेड घासून घडवण्याला चिनी भाषेत जी जोडअक्षरे आहेत, ‘चुओ-मो’, तीच लेखनावरून पुन्हापुन्हा हात फिरवण्यालाही वापरतात, आणि थोड्या निराळ्या उच्चाराने एखादी गोष्ट मनात घोळवण्यालाही. आपल्या वसतिगृहातही अभ्यास करणाऱ्याला ‘घासू’ म्हणतातच. फरक एवढाच, की आपण थट्टेने म्हणतो.

जेड आपल्या देशाला अगदी परके नाही. २००८ च्या बेजिंग ऑलिम्पिकमधील पदकांत जेडची कडी बसवलेली होती. म्हणजे अभिनव बिंद्राने नेमबाजीत जिंकलेल्या सुवर्णपदकातही पांढरे जेड आहे. आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात तर जेडचे स्वतंत्र दालन आहे. गेल्या वर्षीच्या सहलीत मी जेड प्रथम पाहिले ते तेथे. अल्तमशचे नाव असलेली ग्रंथ ठेवण्याची घडवंची आणि शाहजहानची उपाधी कोरलेली तिरंदाजाची अंगठी त्या संग्रहात आहे. वस्तू अप्रतिम. परंतु माझ्या मनात राहिले ते निराळेच. वस्तूवर नाव आहे ते सुलतानाचे नि बादशहाचे. ज्याने ते कोरले, त्याच्यासाठी दोन बोटेही जागा ठेवलेली नाही.

परत आल्यावर मी मोबाइलवर परदेशी संग्रहालयांतील जेड पाहू लागले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला हेबर बिशप नावाच्या धनिकाने १९०२ साली हजारावर जेडवस्तू दिल्या. त्यांच्यावरचा दोन खंडांचा अवाढव्य ग्रंथ १९०६ साली निघाला, आणि प्रती काढल्या अवघ्या १००. त्या काळी जेडविषयी वाचायलासुद्धा राजाच्या किंवा संग्रहालयाच्या घरी जावे लागले असेल. आज त्या संग्रहातल्या कितीतरी वस्तू एस.टी.च्या थांब्यावर उभ्याउभ्या पाहता येतात. अशा हिंडण्यातच ह्या चिनी पाट्या मला भेटल्या, आणि पाट्यांच्या मागोमाग एक नाव भेटले. हे नाव राजाचे नव्हते, कारागिराचे होते.

लू झिगांग हा सोळाव्या शतकातला सूचौचा जेड घडवणारा. राज्य मिंग घराण्याचे. त्या काळी कारागिरांची घराणी सरकारी वहीत ‘कारागीर’ म्हणून नोंदलेली असत आणि ती नोंद बापाकडून मुलाकडे जाई. ही पद्धत १६४५ साली, नव्या चिंग राजवटीत बंद झाली. (आपल्याकडच्या वाचकांना ह्याचा अर्थ समजावून सांगायला नको.) अशा जगात लू झिगांग आपल्या कामावर सही करी. समकालीन कवी शू वेय ह्याने त्याच्या केसात खोवायच्या जेडच्या काट्यावर कविता लिहिली. पुढे चांग ताय ह्या निबंधकाराने सूचौकडच्या थोर कसबी माणसांची यादी दिली, तीत जेडकामासाठी त्याचेच नाव घेतले. लोकांनी तर त्याच्यावर दंतकथा रचली. बादशहाने सही करायची नाही असे बजावले असताना त्याने कुणाला दिसणार नाही अशा जागी, ड्रॅगनच्या तोंडात, नाव कोरले. ते सापडले आणि त्याला प्राणास मुकावे लागले. ह्या कथेला इतिहासाचा आधार नाही. पण ती सांगितली जाते, ह्यातच लोकांना त्याच्या सहीचे किती अप्रूप होते ते दिसते.

त्याच्या नावावरून ह्या पाट्यांना ‘झिगांग-पाटी’ असेच नाव पडले. आणि मग व्हायचे तेच झाले. १७५९ साली च्यानलुंग बादशहाच्या सैन्याने शिंच्यांगचा प्रदेश जिंकल्यावर खोतानचे जेड राजधानीत मुबलक येऊ लागले. दगड मुबलक, पैसा मुबलक. यांगचौ शहरी मिठाच्या मक्त्यावर गबर झालेले व्यापारी होते, परीक्षा देऊन अधिकारी झालेले विद्वान होते, आणि विद्वानांसारखे दिसावे असे वाटणारे त्याहून जास्त होते. कमरेला कवितेची पाटी असली की माणूस वाचणारा वाटतो. तेव्हा अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पाट्यांचे पीक आले आणि त्यांतल्या पुष्कळांवर दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची सही झळकू लागली. आज बाजारात व संग्रहालयांत ‘झिगांग’ नाव असलेल्या ज्या पाट्या दिसतात, त्यांतील बहुतेक ह्या नंतरच्या काळातल्या.

इथवर सगळे जाणकार एकमताचे आहेत. माझा मतभेद आहे तो पुढे. ते म्हणतात, सही खोटी म्हणून पाटी दुय्यम. मी म्हणते, सही खोटी असेल. पण दगड खोटा घासता येत नाही. नक्कल करणारानेही तितकीच वाळू वापरली, तितकेच दिवस घालवले आणि मुख्य म्हणजे तोच प्रसंग तेवढ्याच दोन बोटे जागेत बसवला. तेव्हा पहिल्याने विचारायचा प्रश्न हा, की ह्या माणसाला तो प्रसंग कळला होता का? वाचन जसे प्राध्यापकाचे असते, टीकाकाराचे असते, तसे कोरणाराचेही असते.

उदाहरण घेऊ. जेडकामात नेहमी येणारा एक प्रसंग म्हणजे लाल कड्याखालची नौका. सू शी हा अकराव्या शतकातला मोठा कवी आणि सरकारी अधिकारी. १०७९ साली त्याच्या कवितांत राज्यकारभाराची निंदा आहे असा आरोप ठेवून त्याला तुरुंगात घातले आणि मग दूर यांगत्झी नदीकाठच्या हुआंगचौ गावी पाठवून दिले. तेथे १०८२ साली तो मित्रांबरोबर रात्री नावेतून लाल कड्याखाली फिरायला गेला आणि त्या फेरफटक्यांवर त्याने दोन गद्यकाव्ये लिहिली. पाण्यावर चंद्र आहे, एक सोबती बासरी वाजवतो आहे, आणि २०८ साली लाल कड्याशी झालेल्या एका प्रचंड लढाईची आठवण निघते. त्या लढाईतले वीर आज कुठे आहेत, असा विषय. आता ह्यात मौज अशी, की सू शीचा लाल कडा बहुधा लढाईचा लाल कडा नव्हेच! लढाईची जागा म्हणून सामान्यतः मानली जाते ती नदीच्या वरच्या अंगाला, हुआंगचौपासून पुष्कळ दूर. तेथील फूछी गावाला १९९८ साली अधिकृतपणे ‘लाल कडा’ असे नाव दिले गेले. म्हणजे चिनी साहित्यातील एक सर्वश्रेष्ठ रचना चुकीच्या कड्याखाली बसून लिहिली गेली. तिला कुणी नक्कल म्हटले नाही. मग त्या रचनेचे चित्र घासणाऱ्या माणसाची एक सही चुकीची निघाली, तर आपण नाक का मुरडावे?

ह्या प्रसंगात कोरणाराला काय काय ठरवावे लागते ते पाहा. पाटीची उंची जेमतेम दोन-अडीच इंच. लढाई दाखवायला जागा नाही. नदीचा विस्तार दाखवायला जागा नाही. कडा एका बाजूने वाकवून खाली आणायचा, नाव लहान करायची, नावेत तीन माणसे. पाणी किती दाखवायचे? रेघा जास्त मारल्या तर नदी खळबळते आणि काव्यातली शांतता जाते. काही पाट्यांवर पाणी जवळजवळ नाहीच. नुसता गुळगुळीत घासलेला पांढरा दगड आहे आणि आपणच तो पाणी समजतो. ज्याने असे केले, त्याने ते काव्य वाचले असो, ऐकले असो वा छापील चित्रावरून उचलले असो, त्याला ते समजले होते. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या कवितेखाली जे रसग्रहण असते ते दीड पानाचे असते आणि तरी त्यातून कधी कधी पाणी दिसत नाही.

असेच दुसरे एक चित्र. मंग हाव-रान हा आठव्या शतकातला कवी गाढवावर बसून बर्फात मनुकेच्या जातीच्या झाडाचा पहिला फुलोरा शोधायला निघतो. मागे थंडीने आखडलेला नोकर. येथे बर्फ कोरावे लागत नाही. दगडच बर्फ आहे. आणि तिसरे माझ्या विशेष आवडीचे: मी फू (१०५१ ते ११०७) हा चित्रकार व सुलेखनकार एका विचित्र आकाराच्या शिळेपुढे अधिकाऱ्याचा पोशाख घालून वाकला आणि तिला वडीलधाऱ्यासारखे संबोधले, अशी आख्यायिका आहे. लोक त्याला वेडा म्हणत. दगडाला नमस्कार करणाऱ्या माणसाचे चित्र दगडावर घासताना त्या कारागिराच्या मनात काय आले असेल? आमच्या घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा कुणाला त्यात वेडेपणा दिसला नाही. कामाला बसण्यापूर्वी दगडाला हात लावून तो कपाळी लावतातच.

आता कुणी म्हणेल, चित्र ठीक आहे, पण मागच्या बाजूच्या कवितेचे काय? ती तर नुसती उतरवून काढता येते. अक्षर कळण्याची गरजच काय? ह्याचे उत्तर मला पुस्तकातून मिळाले नाही. आमचे अण्णा पूर्वी जात्या-पाट्याला टाकी लावायची कामे करीत. घरोघर मिक्सर आले तशी ती कामे गेली. आता ते देवळांच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावे कोरतात. कुणी शिकलेला माणूस खडूने अक्षरे काढून देतो आणि अण्णा त्यावरून टाकी चालवतात. अण्णांना वाचता येत नाही. परंतु एकदा एकाच आडनावाची दोन माणसे दोन पायऱ्यांवर होती, तर अण्णांनी काम थांबवून विचारले, “हितला आकार तितल्यापरीस येगळा का हाये?” पाहिले तर खडूने लिहिणारानेच एका ठिकाणी वेलांटी चुकवलेली होती. ज्याला अक्षर येत होते त्याला चूक दिसली नव्हती.

अशा पाटीचे एक चित्र मी मोबाइलवर मोठे करून अण्णांना दाखवले. किती तरी वेळ पाहून ते म्हणाले, “हत्यार लागलं न्हाई ह्याला. घासलंय.” मग पुन्हा पाहून, “अक्षरं वर ठिवल्यात. म्हंजी भवतालचं समदं काढलंय की गं.” ही गोष्ट चार दिवस चित्रे पाहूनही माझ्या ध्यानात आली नव्हती असे नाही, पण तिचा अर्थ त्यांनी सांगितला. आपल्याकडे पायरीवर अक्षर खोदतात. रेघ तेवढी आत जाते, दगड जागेवर राहतो. ह्या चांगल्या पाट्यांवर उलटे आहे. अक्षर आणि चित्र हलकेच वर उचललेले असते आणि भोवतालची सगळी जमीन एकसारखी खाली घासलेली असते. अक्षराच्या दोन फराट्यांमधली तांदळाच्या दाण्याएवढी जागासुद्धा. म्हणजे कवितेच्या वीस अक्षरांसाठी कारागीर वीस अक्षरे घडवत नाही. वीस अक्षरे सोडून बाकीचे सगळे घासून टाकतो. प्रत्येक फराट्याच्या दोन्ही अंगांनी त्याला जावे लागते. मग त्याला साक्षर म्हणा वा निरक्षर म्हणा, त्या कवितेजवळ इतका वेळ दुसरे कोण बसले असेल? ती विकत घेऊन कमरेला बांधणारा तर खासच नाही.

माझ्या एका वर्गमित्राला हा सगळा विषयच पसंत नाही. तो म्हणतो, हे श्रीमंतांचे चोचले. ज्यांनी ह्या वस्तू घातल्या त्यांनी दुसऱ्यांच्या घामावर कविता मिरवली, आणि तू त्याचे कौतुक करत बसली आहेस. त्याचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. त्यात मी आणखी भर घालते. १८६० साली इंग्रज-फ्रेंच फौजांनी बेजिंगजवळचा बादशाही उद्यानप्रासाद लुटला आणि जाळला, त्या वेळी इंग्रजांच्या फौजेत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. ज्या अफूच्या व्यापारासाठी चीनशी लढाया झाल्या, ती अफू हिंदुस्थानात पिकत होती आणि माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून जात होती. मुंबईच्या कित्येक जुन्या इमारतींच्या पायात तो पैसा आहे. तेव्हा चीनचे जेड जगभर कसे पोचले, ह्या कथेत आपले हात अगदीच कोरडे नाहीत. पण एवढे सगळे मान्य करूनही मी त्याला विचारते, की वस्तू कुणी मिरवली एवढ्यावरूनच तिचे मोल ठरवायचे, तर मग घडवणाराला दुसऱ्यांदा पुसून टाकल्यासारखे होत नाही का? पहिल्यांदा मालकाने पुसले, आता आपण तत्त्वासाठी पुसायचे!

जाणकारांच्या पारखीवरही फार विसंबू नये, हे चिनी लोकांना आपल्याआधी ठाऊक होते. हान फेय ह्या प्राचीन लेखकाच्या ग्रंथात प्यान ह नावाच्या माणसाची गोष्ट आहे. त्याला डोंगरात एक ओबडधोबड धोंडा सापडला. आत जेड आहे म्हणून त्याने तो राजाला नेऊन दिला. दरबारच्या पारख्यांनी ‘हा दगड आहे’ म्हटले आणि राजाने त्याचा डावा पाय तोडला. पुढच्या राजाकडे नेला, पुन्हा तोच निवाडा, उजवा पाय गेला. तिसऱ्या राजाने मात्र रडत बसलेल्या प्यान हला कारण विचारले. तो म्हणाला की पायांसाठी मी रडत नाही. रत्नाला धोंडा म्हणतात आणि प्रामाणिक माणसाला लबाड म्हणतात, ह्याचे दुःख आहे. मग राजाने पारख्यांना न बोलावता धोंडा कारागिराकडे दिला. त्याने घासला आणि आत जेड निघाले.

च्यानलुंग बादशहाही स्वतःला मोठा पारखी समजे. त्याच्या नावावर चाळीस हजारांवर कविता आहेत आणि त्यांतल्या कितीतरी त्याने जेडच्या वस्तूंवर कोरवून घेतल्या. (एवढ्या कविता वाचणारापेक्षा कोरणाराची मला जास्त कीव येते.) सूचौच्या बाजारात तयार होणाऱ्या नव्या धाटणीच्या, नको तितक्या नक्षीने भरलेल्या कामाला तो ‘जेडवरचे संकट’ म्हणे. आणि ह्याच बादशहाला हिंदुस्थानी जेडचे वेड लागले होते! मोगली पद्धतीची, कागदासारखी पातळ घासलेली भांडी त्याच्या दरबारी आली तेव्हा आपले कारागीर असे करू शकत नाहीत म्हणून त्याने त्यांच्यावर कविता केल्या. त्यांतील भांडी आज तैपेईच्या संग्रहालयात आहेत. आपल्या मुलखातल्या कुणा अनाम हातांचे कौतुक तिकडच्या बादशहाने केले, आणि त्याच्या दारच्या सूचौच्या अनाम हातांचे कौतुक करायला मी इकडे बसले आहे. फिट्टंफाट झाली म्हणायची.

नक्षीविषयीची त्याची तक्रार मात्र मी सरसकट फेटाळत नाही. काही पाट्यांवर खरोखरच गर्दी असते. सेंटिमीटरभर जागेत पूल, झाड, मंडप, चार विद्वान, एक नोकर आणि वर ढग. अशा पाटीवर प्रसंग दिसत नाही, कसब तेवढे दिसते. तरी त्यातही एक गोम आहे, आणि ती जाणून घेण्यासारखी आहे. दगडात तडा, डाग किंवा काळपट रेषा असली की कारागीर तिथेच कड्याची कपार काढतो, झाडाचा बुंधा काढतो, किंवा डाग कापून तेथे पोकळी ठेवतो. रंगीत साल असेल तर तिचे पिकले पान करतो. म्हणजे दाट कोरीवकाम पुष्कळदा दगडाच्या खोडीमुळे जन्माला येते. उलट निर्दोष दगड मिळाला, तर काहीच न कोरता नुसती गुळगुळीत पाटी ठेवायचीही रीत आहे. तिला ‘वू-शी’ पाटी म्हणतात. चिनी भाषेत ‘अलंकाराविना’ आणि ‘कटकटीविना’ ह्या दोन्हींचा उच्चार असाच होतो, म्हणून ती शुभही मानतात. मला स्वतःला ही कोरी पाटी आवडत नाही. दगडाला खोड आहे, तिच्यातून वाट काढत काढत कवीची नाव कड्याखालून नेलेली आहे, अशी पाटी मी केव्हाही पसंत करीन.

तेव्हा संग्रहालयांना आणि अशा वस्तूंवर लिहिणाऱ्या विद्वानांना एका विद्यार्थिनीची विनंती आहे. चिठ्ठीवर ‘लू झिगांग ह्याची खोटी सही’ एवढेच लिहून थांबू नये. ‘सही लू झिगांगच्या नावाची, काम एका अनाम कारागिराचे’ असे लिहावे. आणि दुसरे: ह्या पाट्या काचेआड मखमलीवर आडव्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे एकच अंग दिसते. चित्र दिसले तर अक्षरे दिसत नाहीत आणि अक्षरे दिसली तर चित्र. पाटी उभी टांगावी, ती मूळची लटकवण्यासाठीच केलेली आहे, वर भोक आहेच. मागे एक लहानसा आरसा ठेवावा. त्यात अक्षरे उलटी दिसतील हे खरे. पण चिनी अक्षरे आपल्यापैकी बहुतेकांना सुलटीही वाचता येणार नाहीत, आणि भवतालची जमीन किती सारखी घासली आहे, ते उलट्या अक्षरांतही चांगले दिसते.